तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला उन्हाळा : अंदाज आणि तयारी

होळी पेटली की थंडी सरते, हा महाराष्ट्रातला जुना हिशेब. खानदेशात आणि पश्चिम वऱ्हाडात तो आता जुळेनासा झाला आहे. होळीला अवकाश असतानाच दुपारचं ऊन टोचू लागतं आणि मार्च संपायच्या आत पारा चाळिशीला टेकतो. देशाच्या नोंदीही हेच सांगतात. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये सरासरी कमाल तापमानात मार्च २०२२ पहिला आला. फेब्रुवारी २०२३ ने आपल्या महिन्यापुरता तोच क्रमांक पटकावला. फेब्रुवारी २०२५ दिवस-रात्रीच्या एकत्रित सरासरीत पहिला ठरला, आणि अख्खं २०२४ हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

उन्हाळा लवकर सुरू होणं म्हणजे नुसते उन्हाचे दिवस वाढणं असं समजून चालणार नाही. माणसाच्या शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय होण्याआधी, हिवाळ्याच्या शरीरावर चाळीस अंशांचं ऊन पडलं, तर ते मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांइतकंच घातक ठरू शकतं. म्हणून मोसमाच्या सुरुवातीचा अंदाज महत्त्वाचा. तो कोण देतं, किती भरवशाचा असतो आणि त्यावर गावात, शेतात, शहरात काय करता येतं, याचा हा आढावा.

खोरं का तापतं

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. पूर्णा त्याच जिल्ह्यातून निघते, अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडते आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधे काळ्या मातीची लांबट, खोल पट्टी. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहेत, अकोला ३०० मीटरच्या आत. अजिंठा घाट चढून वर गेलं की पठार ५००-६०० मीटरवर लागतं, आणि अकोल्याच्या उत्तरेला गाविलगडच्या डोंगरात चिखलदरा हजार मीटरच्याही वर बसलेलं आहे.

या उंचीच्या फरकातच उष्म्याचं अर्धं उत्तर आहे. कोरडी हवा खाली उतरली की दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. पठारावरून किंवा सातपुड्यावरून खोऱ्यात येणारी हवा वाटेतच तीन-चार अंश गरम होते. त्यात एप्रिल-मेमध्ये मध्य भारतावर वरच्या थरांत जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. तिथली हवा सावकाश खाली बसते, बसताना तापते आणि ढग धरू देत नाही. राजस्थानकडून येणारे वायव्येचे वारे ओल आणत नाहीत. रब्बी निघालेली काळी रानं उघडी पडलेली असतात. काळी माती ऊन शोषते, आणि तिच्यात ओल उरली नसल्यामुळे उन्हाची ऊर्जा बाष्पीभवनात न जाता सगळी हवा तापवण्यात जाते.

पश्चिमेला खोरं सुरतेच्या बाजूने उघडं आहे. पण समुद्रावरून येणारं वारं जळगावला पोचेपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास तापलेली जमीन ओलांडतं आणि त्यातला गारवा वाटेतच संपतो. त्यामुळे कोकणाला दुपारनंतर मिळणारा समुद्राचा दिलासा इथे मिळत नाही.

एकाच मोसमाचे तीन टप्पे

खोऱ्यातला उन्हाळा एकसारखा नसतो आणि अंदाज वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पहिला टप्पा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. दिवस तापतात, रात्री अजून बऱ्या असतात. याच दिवसांत उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकतात. त्यांचा कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल मध्य भारतावर भेटली की गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर दोन-तीन आठवडे गारांचा मारा झाला, तो याच टप्प्यात. म्हणून या काळात उन्हाच्या अंदाजासोबत गारांचाही अंदाज बघायचा असतो. कारण तेव्हा हरभरा-गहू खळ्यावर आणि कांदा रानात असतो.

दुसरा टप्पा एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत. हा खरा कोरडा उष्मा. दुपारची आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते, ओठ फुटतात, अंगावरचा घाम दिसायच्या आत सुकतो. एप्रिल २०१९ च्या अखेरीस अकोला ४७ अंशांच्या पुढे गेलं होतं. या टप्प्यात कूलर उत्तम चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं.

तिसरा टप्पा मेचा उत्तरार्ध ते पाऊस येईपर्यंत. आकडा दोन-तीन अंशांनी उतरतो, वर्तमानपत्रांतले मथळे लहान होतात, पण हवेत ओल शिरलेली असते. रात्र तापलेलीच राहते, कूलर नुसतं दमट वारं फेकतो, वळवाचा पाऊस तासभर कोसळून उकाडा वाढवून जातो. लोक या टप्प्यात निर्धास्त होतात. धोका मात्र इथेच वाढतो, आणि तो साध्या तापमापकाला दिसत नाही.

आकड्यामागचा आकडा

तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं, तर जो आकडा मिळतो त्याला आर्द्र-कंद तापमान म्हणतात. घामाने शरीर किती थंड होऊ शकेल, याचा तो जवळचा अंदाज. आता दोन दिवस शेजारी ठेवून पाहू. एप्रिलची दुपार : तापमान ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. आर्द्र-कंद तापमान येतं सुमारे २३. जूनच्या पहिल्या आठवड्यातली दुपार : तापमान ३९ अंश, आर्द्रता ४५ टक्के. आर्द्र-कंद तापमान येतं सुमारे २९. बातमीच्या हिशेबाने दुसरा दिवस पाच अंशांनी सौम्य, पण सावलीत काम करणाऱ्याच्या शरीराच्या हिशेबाने सहा अंशांनी कठीण. पहिल्या दिवशी पाणी मुबलक प्यायलं आणि डोकं झाकलं तर शरीर स्वतःला थंड ठेवू शकतं. दुसऱ्या दिवशी घाम येतो, पण उडत नाही, नुसता वाहतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारच्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. जळगावकराला हा आकडा किरकोळ वाटेल. कोकणातली ओल, उघडं मैदान आणि तासन्‌तास बसणं यांनी तो जीवघेणा केला. खोऱ्याने आपल्या तिसऱ्या टप्प्यासाठी हा धडा घ्यायला हवा.

अंदाजाची उतरंड

भारतीय हवामान विभागाचा अंदाज एकच नसतो, त्याची उतरंड आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मेचा आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जूनचा मोसमी अंदाज येतो. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. मग जिल्हावार पाच-सात दिवसांचा अंदाज आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे. शेवटी गडगडाटी वादळासाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. जसजसं खाली उतरावं तसा अंदाज अधिक नेमका होतो आणि हाताशी वेळ कमी उरतो.

मोसमी अंदाज ही शक्यतेची भाषा आहे. २०२५ चं उदाहरण बोलकं आहे. एप्रिल ते जूनमध्ये महाराष्ट्रासह मध्य भारतात उष्णतेच्या लाटांचे दिवस नेहमीपेक्षा अधिक राहतील, असा अंदाज होता. एप्रिल तापलाही. पण मेमध्ये चित्र पालटलं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. तो मे महिना १९०१ पासूनचा देशातला सर्वाधिक पावसाचा मे ठरला. अंदाज खोटा ठरला, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. वास्तविक, तीन महिन्यांच्या सरासरीचा कल सांगणाऱ्या अंदाजातून विशिष्ट आठवड्याचं हवामान काढायचं नसतं. मोसमी अंदाजावर पाण्याचं नियोजन करावं, दवाखान्यातला साठा ठरवावा, मजुरीच्या वेळा आखून ठेवाव्यात. लग्नाची तारीख आणि कापणीचा दिवस पाच दिवसांच्या अंदाजावर ठरवावा.

प्रशांत महासागरातल्या एल निनोचाही इथे हात असतो. एल निनो पक्का झालेल्या हिवाळ्यानंतरचा उन्हाळा देशात बहुधा जास्त तापतो. २०१०, २०१६ आणि २०२४ ही जवळची उदाहरणं. पण एल निनो नसतानाही मार्च २०२२ तापला होता. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलच्या उष्म्याची शक्यता मानवी तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट झाली, असा निष्कर्ष वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या अभ्यासगटाने काढला. म्हणजे एल निनोचा चढउतार ज्या पायावर होतो, तो पायाच वर सरकला आहे.

खोरं एक, कप्पे दोन

हवामान विभागाच्या नकाशावर हे खोरं दुभंगलेलं आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात येतात. पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूरही त्यातच. बुलढाणा, अकोला, अमरावती ‘विदर्भ’ उपविभागात. पश्चिमेकडचा अंदाज मुंबईहून निघतो, पूर्वेकडचा नागपूरहून. भुसावळ आणि मलकापूर एकाच लोहमार्गावर, एकाच काळ्या मातीत. पण त्यांचे अंदाज दोन शहरांतून येतात. जिल्हावार इशाऱ्यांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरी ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी’ असं वाक्य ऐकलं की रावेरच्या शेतकऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही.

निकषांचाही प्रश्न आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेची लाट धरतात. किंवा पारा थेट ४५ गाठतो तेव्हा. जळगाव-अकोल्यात मेची सरासरीच बेचाळिशीच्या आसपास आहे. परिणामी ४३-४४ अंशांचे पंधरा दिवस सलग गेले, तरी कागदावर एकही लाट नोंदली जाणार नाही. माणसं मात्र या न नोंदलेल्या दिवसांतही आजारी पडतात; हे दिवस संख्येने जास्त असतात आणि त्यांना लाटेचा इशारा येत नाही. या खोऱ्यासाठी रात्रीचं किमान तापमान, आर्द्रता आणि सलग दिवसांची संख्या यांवर आधारलेला स्थानिक उंबरठा ठरवणं ही पहिली गरज आहे.

नवतपा आणि घटमांडणी

अंदाजाची गरज इथे नवी नाही. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा मानले जातात. खोरं साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेच्या चौथ्या आठवड्यातच इथे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली ही गणना आकाशातल्या घटनेशी चांगली जुळते. नवतपा कडक तापला म्हणजे पाऊस भरपूर, हा त्यातला पुढचा भाग मात्र दरवर्षी खरा ठरत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात वर्तुळाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, भजी, करंजी, विड्याचं पान. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हललं, ढेकूळ कुठलं भिजलं यावरून भाकीत सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकायला जमतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही आणि पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये, हे स्पष्ट सांगायलाच हवं. पण तिथल्या गर्दीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : अंदाज ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, समोरासमोर, आपल्या बोलीत आणि आपल्या पिकाच्या नावाने सांगितला जातो. सरकारी अंदाजाला ही जवळीक अजून साधलेली नाही. जिल्हा पातळीवर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये सुरू झालेले १९९ कृषी-हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ज्या टप्प्यावर माणूस माणसाला अंदाज समजावून सांगत होता, तोच कापला गेला.

मापन कुठे, भरपाई कुणाला

शास्त्रशुद्ध तापमान हे सावलीतलं, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीतलं, माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवरचं असतं. मोबाइलवर दिसणारा आकडा बहुधा संगणकीय प्रारूपाचा असतो, गाडीच्या काचेमागचा डांबराच्या झळांचा. त्यामुळे एकाच दुपारी भुसावळचे तीन आकडे समाजमाध्यमांवर फिरतात आणि वाद रंगतात.

केळीवाल्यांसाठी हा वाद पैशांचा आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात ठरावीक काळात, ठरावीक अंशांच्या वर, सलग ठरावीक दिवस पारा राहिला तरच भरपाई मिळते. मोजणी महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर होते. ते केंद्र झाडाखाली आहे की डांबरी रस्त्यालगत, त्याची देखभाल झाली की नाही, यावर मंडळातल्या प्रत्येक बागेचं नशीब ठरतं. सलग दिवसांत एक दिवस अर्ध्या अंशाने हुकला तर सगळी भरपाई जाते. म्हणून केंद्रांची जागा ग्रामसभेत दाखवणं आणि रोजचे आकडे गावाच्या फलकावर लावणं ही मागणी साधी आणि रास्त आहे.

केळी, कापूस, पाणी

रावेर-यावलची केळी ही या खोऱ्याची ओळख. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पारा चाळिशीच्या वर राहिला की केळीची वाढ थबकते, झळांनी पानं फाटतात आणि करपतात, घड उन्हाने भाजतो. त्यावरची तजवीज शेतकऱ्याला ठाऊक आहे : पश्चिम-दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताचं वारारोधक, घडावर झाकण, ठिबकची पाळी पहाटे-रात्री, बुडाला पाचटाचं आच्छादन. प्रश्न असतो वेळेचा. वारारोधक लावणीच्या वेळीच लावावं लागतं, म्हणजे उन्हाळ्याच्या कितीतरी आधी. मेअखेरच्या वादळांत उभे घड आडवे होतात, तिथे तीन तासांच्या इशाऱ्याचा उपयोग फक्त माणसाला बागेबाहेर काढण्यापुरता.

बागायती कापूस लवकर लावण्याचा मोह दरवर्षी होतो. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून कृषी खातं जूनपूर्वी लागवड टाळायला सांगतं, आणि उष्म्याचा हिशेबही तेच सांगतो : तापलेल्या मातीत कोवळी रोपं जळतात, नांग्या भरण्यात बियाणं आणि मजुरी जाते.

पाण्याची गोष्ट दोन टोकांची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळाच्या जमिनीत केळीने भूजल इतकं उपसलं की बोअर शेकडो फूट खाली गेले. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात पाणी आहे, पण खारं. उन्हाळ्यात पिण्यालाही नाही आणि पिकालाही नाही. घामावाटे मीठ-पाणी गमावणाऱ्या माणसाला तिथे गोडं पाणी मिळणं हाच उष्माघातावरचा पहिला उपाय आहे. त्यामुळे टँकरचं वेळापत्रक आणि उष्णतेचा इशारा एकाच टेबलावर ठरला पाहिजे.

घर, काम, रात्र

खानदेशातली जुनी धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत, दिवसाचा उष्मा आत यायला उशीर लावत. आता त्यांच्या जागी पत्रा आणि पातळ स्लॅब आले. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते आणि स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. रात्री शरीर थंड झालं नाही, तर दुसऱ्या दिवशीचा उष्मा आदल्या दिवसाच्या थकव्यावर चढतो. छताला पांढरा चुना मारणं हा स्वस्तातला आणि सिद्ध झालेला उपाय आहे, आणि घरकुल योजनेत तो सहज बसवता येईल.

सगळ्यात जास्त झळ कोणाला? केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्यांना, वीटभट्टीवर राबणाऱ्यांना, भुसावळच्या रेल्वे यार्डातल्या गँगमनला, पारस आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्रांतल्या कंत्राटी कामगारांना, चुलीसमोर बसणाऱ्या बाईला. मे २०२४ मध्ये अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे जमावबंदीचं कलम १४४ लागू केलं, कामाच्या जागी पाणी आणि पंख्याची सक्ती केली, शिकवण्यांच्या वेळा बदलल्या. आणीबाणीत ते आवश्यक होतं. पण दरवर्षी येणाऱ्या मोसमासाठी आणीबाणीचं कलम लावावं लागणं, याचा अर्थ नेहमीची व्यवस्था उभी नाही.

अहमदाबादने २०१० च्या मेमध्ये एका लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला. कोणत्या इशाऱ्याला कोणी काय करायचं, हे त्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं.

या खोऱ्याला हवा असलेला आराखडा

धुळे ते अमरावती या पट्ट्याचा एकच आराखडा असावा आणि त्याची सुरुवात १५ फेब्रुवारीला व्हावी. पहिल्या टप्प्यात शरीराला सवय होईपर्यंत कामाचे तास हळूहळू वाढवणं आणि गारपिटीचे इशारे. दुसऱ्या टप्प्यात बारा ते चार मजुरीला सुट्टी. ती पहाटे लवकर सुरुवात करून भरून काढणं, पण रोजंदारी न कापणं. तिसऱ्या टप्प्यात आकडा उतरला तरी सावधगिरी चालू ठेवणं, कारण ओल वाढलेली असते. बोलताना अडखळणारा, भान हरपलेला, अंग तापलेला माणूस दिसला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे प्रत्येक मुकादमाला पाठ असलं पाहिजे.

हवामानशास्त्राने आपलं काम बरंच पुढे नेलं आहे. पाच दिवस आधी लाटेची कल्पना येते, ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी न मिळणारी सवड आहे. त्या पाच दिवसांत मजुराची वेळ बदलली नाही, टँकर हलला नाही, आरोग्य केंद्रात बर्फ आणि सलाइन पोचलं नाही, तर ती सवड वाया गेली. यंदा कमाल तापमान किती जाईल, याचं उत्तर हवामान विभाग देईल. त्या तापमानात किती माणसं दगावतील, याचं उत्तर मात्र जिल्हाधिकारी, सरपंच, ठेकेदार आणि बागाईतदार यांनी मार्च उजाडण्याआधी काय ठरवलं, यावर अवलंबून राहील.